गायीच्या रक्तातले परजीवी शोधायचे कसे: कानाच्या थेंबापासून मायक्रोस्कोपपर्यंत

आधी रक्त, मग इंजेक्शन. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं तरी निम्मं काम झालं. तापाने फणफणलेलं जनावर समोर उभं असतं, मालक काकुळतीला आलेला असतो, औषध हातात तयार असतं, आणि अशा घाईत कानाला टोचून एक थेंब काचेवर घ्यायची दोन मिनिटं कुणाला सुचत नाहीत, मग चार दिवसांनी जनावर उठेना झालं की रक्त तपासायला पाठवतात. तोवर औषधाने परजीवी मेलेले तरी असतात नाहीतर आकार बिघडून ओळखू न येण्यासारखे झालेले, तासभर शोधलं तरी हाती काही लागत नाही. गेली बरीच वर्षं मी स्लाइड बघते आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते अशाच केसचं, कारण त्या गायीला काय झालं होतं हे आता कुणालाच कळणार नसतं.

हे लिहिलंय ते नव्याने शिकणाऱ्यांसाठी, म्हणजे पशुवैद्यकाची पोरं, लॅबमध्ये नवीन लागलेले, किंवा स्वतःचा गोठा असलेले आणि डॉक्टर काय करतात ते समजून घ्यायची इच्छा असलेले. औषध किती नि कुठलं हे जनावर बघून डॉक्टरांनीच ठरवायचं, इथे फक्त शोधायचं कसं तेवढं सांगते.

कोण कोण असतं रक्तात

सुरुवातीला चार नावं पुरेत. थायलेरिया, बबेसिया, अ‍ॅनाप्लाझ्मा आणि ट्रिपॅनोसोमा. यातला अ‍ॅनाप्लाझ्मा खरं तर जिवाणू आहे, बाकीचे तीन एकपेशीय प्राणी, पण थायलेरिया-बबेसियासारखाच तोही तांबड्या पेशीत राहतो आणि मुख्यतः गोचिडांनी पसरतो म्हणून सगळे त्याला याच रांगेत धरतात.

थायलेरिया अ‍ॅन्युलाटा आणतात हायलोमा जातीचे गोचीड, ते तपकिरी असतात, तोंडाचा भाग लांब आणि बऱ्याच जातींत पायांवर फिकट पट्टे दिसतात. बबेसिया बायजेमिना आणतो तो रिपिसेफॅलस मायक्रोप्लस, ज्याला जुनी माणसं अजून बूफिलसच म्हणतात, मादी रक्त पिऊन फुगली की निळसर राखाडी दिसते. या दोघांत एक फरक आहे तो नीट समजून घ्या कारण गोठ्यावर त्याचा उपयोग होतो. बूफिलसची मादी बबेसिया अंड्यांतून पुढच्या पिढीला देते, म्हणजे अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं, अजून एकदाही रक्त न प्यायलेलं पिल्लूसुद्धा परजीवी घेऊनच येतं. थायलेरिया अंड्यातून जात नाही, लहान अवस्थेतल्या गोचिडाने आजारी किंवा वाहक (म्हणजे वरून धडधाकट पण परजीवी बाळगणाऱ्या) जनावराचं रक्त प्यायलं तर त्याची पुढची अवस्था दुसऱ्या जनावराला तो देते. गोचीड हा रोग पसरवतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ साली बबेसियावरच दाखवून दिलं, तेव्हा त्या रोगाला टेक्सास फीवर म्हणायचे.

अ‍ॅनाप्लाझ्मा मार्जिनेल गोचीड पसरवतातच, पण रक्त पिणाऱ्या माश्या, एका जनावराची सुई दुसऱ्याला, शिंगं कापायची न धुतलेली हत्यारं, यांनीही पसरतो. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय म्हणजे सर्रा, हा मुख्यतः गोमाशीचा उद्योग, माशी एका जनावराला चावताना हुसकली जाते आणि ओल्या तोंडानेच दुसऱ्यावर बसते. हा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये घोडे नि उंटांच्या रक्तात पाहिला म्हणून त्याला त्यांचं नाव.

एवढा फरक करायची गरज काय, तापच आहे ना, असं विचारणारे भेटतात. गरज अशी की थायलेरियावर चालणारं बुपारव्हाक्वोन बबेसियावर कामाचं नाही, बबेसिया आणि सर्रावर चालणारं डायमिनाझिन थायलेरियाला हलवत नाही, आणि अ‍ॅनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखं औषध लागतं. चुकीच्या औषधात गेलेले दोन दिवस संकरित गायीला महागात पडतात.

आधी जनावर बघा

मायक्रोस्कोपकडे धावायच्या आधी थर्मामीटर लावा. गायीचं नॉर्मल तापमान साधारण १०१.५ फॅरनहाइट, या रोगांत ते १०४ ते १०६ आणि कधी त्याहून वर जातं. ताप चढलेला असतानाच नमुना घ्यायचा, त्या वेळी रक्तात परजीवी सापडायची शक्यता सगळ्यात जास्त असते.

मग हात खांद्यापुढे न्या, तिथली गाठ चाचपा, तशीच जांघेपुढची पण. थायलेरियात या गाठी सुजतात आणि खांद्यापुढची तर लांबूनसुद्धा दिसते. डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा, गुलाबी आहे का पांढराफटक पडलाय का पिवळा. अ‍ॅनाप्लाझ्मात पांढुरका मग पिवळा होत जातो, जनावराला बद्धकोष्ठ होतं, पण लघवी लाल होत नाही. लाल किंवा कॉफीच्या रंगाची लघवी दिसली की बबेसियाचा संशय पहिला. सर्रात ताप येतो जातो, जनावर वाळत जातं, पायावर सूज, कधी गोल गोल फिरतं किंवा डोकं भिंतीला दाबून उभं राहतं.

लाल लघवीवर जरा थांबते कारण इथे फार गफलत होते. थोडी लघवी काचेच्या बाटलीत धरून ती न हलवता ठेवून द्या. काही वेळाने तांबड्या पेशी तळाला बसल्या आणि वरची लघवी स्वच्छ झाली तर ते रक्तच येतंय, मूत्रपिंड किंवा मूत्राशयाचा काहीतरी त्रास. तळाला काही न बसता सगळी लघवी तशीच लाल राहिली तर पेशी रक्तातच फुटून हिमोग्लोबिन उतरतंय. लॅबमध्ये हेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून लगेच कळतं. आणि हिमोग्लोबिन उतरतंय म्हणजे बबेसियाच असंही नाही हां, व्यायल्यानंतर काही आठवड्यांत फॉस्फरस कमी पडूनही अगदी अशीच लघवी होते, लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू आहे, आणखीही कारणं आहेत. त्या सगळ्यांतून वाट काढायलाच रक्ताची स्लाइड.

अंगावरचे गोचीडही बघा, कानात, कासेवर, शेपटीच्या बुडाशी, गळ्याखालच्या पोळीत. चारदोन गोचीड चिमट्याने काढून ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवा. फुगलेला गोचीड बोटांनी चिरडू नका, हायलोमा माणसाला क्रायमियन-काँगो तापासारखा जीवघेणा आजारही देऊ शकतो. हातमोजे घाला, उगाच धाडस नको.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात लिहिल्यासारखी वाचा. जनावर अचानक मेलं असेल आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळं रक्त येत असेल तर ते उघडायचं नाही, काळपुळीचा म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय असतो, तो माणसालाही होतो. लगेच डॉक्टरांना कळवा, ते सांगतील ते करा.

रक्त कुठून घ्यायचं

दोन ठिकाणचं रक्त लागतं आणि दोन्हीचं काम वेगळं. एक, कानाच्या टोकाच्या बारीक शिरेचा किंवा शेपटीच्या टोकाचा थेंब, हा थेट स्मिअरसाठी, म्हणजे काचेवर पातळ पसरलेल्या रक्ताच्या थरासाठी. दुसरं, मानेच्या किंवा शेपटीखालच्या शिरेतून काढून जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये (ईडीटीए रक्त गोठू देत नाही) घेतलेलं, हे पेशींची मोजणी आणि पीसीआरसाठी, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी.

कानाच्या थेंबाचा एवढा आग्रह का? बबेसिया बोव्हिस नावाचा एक भाऊ आहे बायजेमिनाचा, आकाराने छोटा पण फार घातक, त्याने पकडलेल्या पेशी मेंदू नि मूत्रपिंडाच्या केशवाहिन्यांना चिकटून बसतात, मोठ्या शिरेतल्या रक्तात त्या फारशा फिरतच नाहीत. मानेचं रक्त बघाल तर स्लाइड स्वच्छ दिसेल आणि गाय मरत असेल. बाकीच्या परजीवींनाही कानाचा पहिला थेंब चांगलाच, त्याचं नुकसान काही नाही.

कानाच्या कडेचे केस कापा, स्पिरिटने पुसा, आणि मग थांबा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटात थेंब मिसळला की पेशी फुटतात आणि स्मिअर वाया जातो, मला नवीन पोरांच्या स्लाइडमध्ये हे सर्रास दिसतं. नवीन सुईने शीर टोचा, वर आलेला पहिला थेंब स्लाइडवर घ्या. प्रत्येक जनावराला वेगळी सुई, यात तडजोड नाही, अ‍ॅनाप्लाझ्मा तुमच्याच सुईने पुढच्या गायीला जाऊ शकतो.

ट्यूबमध्ये रक्त खुणेपर्यंतच भरा, झाकण लावून हळूच आठदहा वेळा उलटीसुलटी करा, जोरात हलवू नका. थंड ठेवायचं पण गोठवायचं नाही, म्हणजे बर्फाला थेट चिकटू द्यायचं नाही, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठीक. हेपॅरिन हेही रक्त न गोठू देणारं, पण त्याची ट्यूब पीसीआरला नको, ती पीसीआरमध्ये अडथळा आणते.

स्मिअर, म्हणजे खरं कसब

थेंब केवढा? काडेपेटीतल्या काडीच्या डोक्याएवढा, त्याहून मोठा नको. स्लाइड नवीन असली तरी स्पिरिटने पुसून कोरडी केलेली, आणि धरायची फक्त कडांना, बोटाचा तेलकट ठसा उमटला की तिथे रक्त पसरतच नाही, गोल गोल पांढरे डाग राहतात.

थेंब स्लाइडच्या एका टोकाजवळ. दुसरी गुळगुळीत कडेची स्लाइड ३० ते ४५ अंशात तिरपी धरून थेंबाच्या पुढून मागे आणा, थेंबाला टेकली की रक्त कडेने दोन्ही बाजूला पळतं, ते पळू द्या, आणि मग न दाबता, न थांबता, एका दमात पुढे सरकवा. मध्येच हात अडखळला की पट्टे पडतात. चांगला स्मिअर अंगठ्याच्या आकाराचा दिसतो, शेवटी पिसासारखा विरळ होत जातो आणि स्लाइडच्या टोकाआधीच संपतो. उजेडाकडे धरला तर शेवटच्या भागात इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली पाहिजे.

जनावर फार रक्तहीन असेल तर रक्त पाण्यासारखं पातळ असतं, ते नेहमीच्या कोनात ओढलं तर स्मिअर लांबलचक आणि अतिविरळ होतो, अशा वेळी कोन थोडा उभा करा आणि हात जरा जलद. हे पुस्तकात वाचून येत नाही, पन्नासेक स्लाइड बिघडवल्या की हाताला कळतं. एका जनावराच्या दोन तरी करा, एक बिघडली तर दुसरी असते.

लगेच हवेत हलवून वाळवा. फुंकर मारू नका, तोंडातल्या वाफेने पेशी आक्रसतात. दमट हवेत वाळायला वेळ लागला की तांबड्या पेशींत चमकदार पोकळ्या दिसायला लागतात आणि नवख्याला तेच परजीवी वाटतात. वाळलेली स्लाइड उघडी ठेवून जेवायला जाऊ नका. एकदा मी चार स्लाइड टेबलावर ठेवून दुसऱ्या कामाला गेले, परत येऊन बघते तर दोन स्लाइडवरचं रक्त कडेने कुरतडल्यासारखं गायब, मुंग्यांनी खाल्लं होतं, आणि त्यातली एक ज्या कालवडीची होती ती संध्याकाळपर्यंत गेली होती. तेव्हापासून वाळलेली स्लाइड थेट डबीत.

नाव नंबर शिसपेन्सिलने लिहा, स्लाइडच्या खरखरीत टोकावर. पेनची नि मार्करची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते आणि मग कुठली स्लाइड कुठल्या गायीची हेच कळत नाही. आणि फॉर्मालिनची बाटली या स्लाइडच्या आसपास नको, एका खोक्यात तर नकोच नको, नुसत्या वाफेने स्मिअर असा बिघडतो की स्टेन नीट धरतच नाही.

स्टेन

वाळलेला स्मिअर मिथेनॉलमध्ये ३ ते ५ मिनिटं बुडवून पक्का करायचा. मिथेनॉलची बाटली कायम घट्ट बंद, हवेतलं पाणी त्यात शिरलं की पेशींवर भोकंभोकं दिसतात. मग गिम्सा, गुस्टाव गिम्सा या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाचा स्टेन, १९०४ पासून हाच चालत आलाय आणि अजून त्याला तोड नाही. १ भाग गिम्सा, ९ भाग ७.२ पीएचचं बफर पाणी, वापरायच्या वेळीच बनवा, ३० ते ४५ मिनिटं ठेवा, मग हळू पाण्याने धुवा आणि उभी ठेवून वाळवा. कालचं उरलेलं पातळ केलेलं गिम्सा आज वापरू नका, त्यात खडे धरतात.

पीएचकडे दुर्लक्ष करणारे खूप आहेत. पाणी आम्लाकडे गेलं की तांबड्या पेशी भडक लाल होतात आणि परजीवी फिके पडतात, अल्कलीकडे गेलं की सगळंच निळसर हिरवट. नीट झालं तर तांबड्या पेशी फिक्या गुलाबी करड्या, पांढऱ्या पेशींचं केंद्रक जांभळं, आणि परजीवीचं अंग निळं, केंद्रक लालसर जांभळं. ही रंगांची जोडी डोळ्यात भरून ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

आता बघायचं

आधी छोट्या लेन्सखाली स्लाइड फिरवून चांगला भाग शोधा, जिथे पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, एकावर एक चढलेल्या नाहीत. मग तेलाचा थेंब आणि १०० ची लेन्स. स्मिअरचं पिसासारखं टोक आणि दोन्ही कडा बघितल्याशिवाय उठू नका, मोठ्या आणि परजीवी असलेल्या पेशी तिकडे ढकलल्या जातात. किमान ५० फील्ड (लेन्सखाली एका वेळी दिसणारा गोल भाग म्हणजे एक फील्ड), संशय दाट असेल तर १०० नि वर.

मोजपट्टी कायम समोर असते, ती म्हणजे तांबडी पेशी. गायीची तांबडी पेशी साधारण ५ ते ६ मायक्रॉनची, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिच्या अर्ध्या रुंदीपेक्षा लांब, नासपतीच्या आकाराचे, एका टोकाला निमुळते दोन तुकडे, टोकाला टोक जुळवून लहान कोनात बसलेले, जवळजवळ पेशी भरून टाकणारे, तर तो बबेसिया बायजेमिना. एकदा अशी नीट जोडी दिसली की आयुष्यभर विसरत नाही. तशीच जोडी पण बारीक, अर्ध्या रुंदीहून लहान, आणि दोघांच्या मधला कोन मोठा पसरलेला, तर बोव्हिस. दरवेळी जोडीच दिसेल असं नाही, एकेकटे गोल वेडेवाकडेही असतात, म्हणून एका पेशीवर निकाल देऊ नका.

थायलेरियाचे रूप बारीक, अंगठी, ठिपका, स्वल्पविराम, कधी काडी, १ ते २ मायक्रॉनच्या आसपास, निळं अंग आणि एका कडेला लाल ठिपका. निळं अंग दिसलं पाहिजे, नुसता गडद ठिपका म्हणजे थायलेरिया नव्हे. अ‍ॅनाप्लाझ्माला अंगच नसतं, पूर्ण भरीव गडद जांभळा गोल, ०.३ ते १ मायक्रॉन, मार्जिनेल असेल तर बहुतेक वेळा पेशीच्या अगदी कडेला टेकून. आर्नोल्ड थायलर यांनी १९१० मध्ये त्याला हे नाव दिलं ते याच कडेवरून, आणि मधोमध बसणारा सेंट्राल हा त्याचा सौम्य भाऊ.

सगळ्यात जास्त चुका याच ठिपक्यांत होतात. सुरुवातीच्या काळात मी एका स्लाइडला अ‍ॅनाप्लाझ्मा म्हणून रिपोर्ट दिला, वरिष्ठांनी तीच स्लाइड बघायला घेतली आणि मला काही न बोलता फाइन फोकस हळूच वरखाली केला, ठिपके एकदम चमकायला लागले आणि पेशी धूसर झाली, म्हणजे ठिपके पेशीत नव्हतेच, वर बसलेले गिम्साचे खडे होते. ही परीक्षा आजही मी प्रत्येक संशयाला लावते. पेशी आणि ठिपका एकाच फोकसला एकत्र स्पष्ट झाले तरच तो पेशीतला. आणि आजूबाजूला पेशी नसलेल्या मोकळ्या जागेतही तसेच ठिपके पडलेले असतील तर समजून जा.

दुसरा फसवणारा म्हणजे तांबड्या पेशीवर येऊन बसलेली प्लेटलेट, तिच्याभोवती फिकट वलय असतं आणि कडा भुरकट. तिसरा हॉवेल-जॉली बॉडी, रक्त कमी झालेल्या जनावरात नव्या पेशींत राहिलेला केंद्रकाचा तुकडा, गोल, गडद, आणि हा अ‍ॅनाप्लाझ्मासारखा इतका दिसतो की सवय असलेल्यालाही थांबावं लागतं. तोड एकच, मोजा. आजारी जनावरात अ‍ॅनाप्लाझ्मा असेल तर तो एखाददुसऱ्या पेशीत नाही, भराभर दिसतो, दहात एक किंवा जास्तही, हॉवेल-जॉली मात्र तुरळक असतात. चौथी गोष्ट, निळ्या बारीक ठिपक्यांनी भरलेल्या पेशी, गायीत रक्त भरून यायला लागलं की त्या दिसतात, त्यांना परजीवी समजू नका, ती तर चांगली खूण आहे.

मोजायचं असं, १००० तांबड्या पेशी मोजून त्यातल्या किती पकडलेल्या ते लिहायचं आणि टक्के काढायचे. "थायलेरिया आढळला" एवढंच लिहिलेला रिपोर्ट डॉक्टरांच्या फारसा कामाचा नसतो, अर्धा टक्का आणि दहा टक्के यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

गाठीचा नमुना

थायलेरियात रक्तातले परजीवी जरा उशिरा येतात. त्याआधी तो पांढऱ्या पेशींत, म्हणजे गाठीतल्या लिम्फोसाइटमध्ये वाढतो, आणि गाठ सुजलेली आहे, ताप आहे पण तांबड्या पेशी स्वच्छ आहेत असे सुरुवातीचे दिवस असतात. तेव्हा गाठीतून सुईने थोडा द्रव काढून स्मिअर करायचा, हे डॉक्टरांचं काम. गाठ हाताने घट्ट धरून, स्वच्छ करून, सुई आत घालून थोडी मागेपुढे केली की सुईत पुरेसं येतं, ते स्लाइडवर फुंकून अगदी हलक्या हाताने पसरायचं कारण या पेशी नाजूक, जोरात ओढल्या तर फुटून नुसता चिखल होतो.

स्टेन केल्यावर पेशीच्या निळ्या अंगात जांभळ्या लाल ठिपक्यांचा एक पुंजका दिसतो, जणू मूठभर बारीक खडे कुणी पेशीत ओतलेत. यांनाच कॉखचे निळे पिंड म्हणतात, रॉबर्ट कॉख यांच्या नावाने. मला ही स्लाइड सापडली की हायसं वाटतं, कारण अजून वेळ आहे, औषध वेळेत पोहोचेल. कधी हे पुंजके रक्ताच्या स्मिअरमधल्या पांढऱ्या पेशींतही दिसतात, म्हणून फक्त तांबड्या बघून पुढे जाऊ नका.

सर्रासाठी ओला थेंब

ट्रिपॅनोसोमा पेशीच्या आत नसतो, पेशींच्या मधून पोहतो, म्हणून त्याला जिवंत बघणं सोपं. ताज्या रक्ताचा छोटा थेंब, वर कव्हर स्लिप, ४० ची लेन्स, कंडेन्सर खाली करून उजेड कमी. परजीवी स्वतः दिसायच्या आधी त्याची चळवळ दिसते, एका जागी तांबड्या पेशी उगाच थरथरतात, बाजूला ढकलल्या जातात, मग त्यांच्यातून वळवळणारा पातळ धागा बाहेर येतो. लवकर बघा, रक्त वाळत आलं की हालचाल थांबते. गिम्सा केलेल्या स्मिअरमध्ये तो साधारण २५ मायक्रॉन लांब, कडेला लाटेसारखा पडदा. याहून दुप्पट तिप्पट लांब दिसला तर तो बहुतेक थायलेराय नावाचा निरुपद्रवी ट्रिपॅनोसोमा.

सर्रात परजीवी रक्तात कधी भरपूर कधी नाहीच असा खेळ करतो, वरचं प्रथिनांचं आवरण बदलत राहतो म्हणून. आज निगेटिव्ह आला तर ताप परत चढेल तेव्हा पुन्हा घ्या. मायक्रोहेमॅटोक्रिट नळी फिरवून तांबड्या पेशींच्या थरावरचा पांढरा थर बघितला तर कमी असलेलेही सापडतात, कारण फिरवल्यावर ते सगळे तिथे गोळा होतात. त्याच नळीत पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती तेही कळतं, गायीत नॉर्मल २४ ते ४६ टक्के, १५ च्या खाली गेला तर जनावराला पळवू नका, घाबरवू नका, धडपडीनेही कोसळतं.

पीसीआर आणि अँटिबॉडी चाचणी कधी

मायक्रोस्कोप तापातल्या जनावरासाठी उत्तम, पण बरं झालेलं जनावर वर्षानुवर्षं थोडे परजीवी बाळगून असतं, ते स्लाइडवर दिसत नाहीत. नवीन जनावर कळपात आणायचं, किंवा कोण वाहक आहे ते शोधायचं तर पीसीआर. एलायझासारख्या अँटिबॉडीच्या चाचण्या सांगतात की या जनावराची त्या परजीवीशी कधीतरी गाठ पडलेली आहे, आज तो आजारी आहे की नाही हे त्या सांगत नाहीत, तापाची घाई असताना त्यांच्यावर विसंबू नका.

रिपोर्ट आणि जनावर दोन्ही एकत्र वाचा

निरोगी, खाणारी पिणारी गाय, ताप नाही, पीसीआरमध्ये थायलेरिया पॉझिटिव्ह, किंवा स्मिअरमध्ये हजारात एखादी पेशी पकडलेली, हे वाहक जनावर आहे, लगेच इंजेक्शनच हवं असं काही नाही. उलट १०६ ताप, मोठी गाठ, स्लाइडवर फक्त एक टक्का, ही गंभीर केस. आणि स्वच्छ स्लाइड म्हणजे रोग नाही असं कधीच लिहू नका, "या नमुन्यात परजीवी आढळले नाहीत" असं लिहा, त्या दोन वाक्यांतला फरक फार मोठा आहे. अ‍ॅनाप्लाझ्मात तर रक्त सगळ्यात कमी झालेलं असतं तेव्हा परजीवीवाल्या पेशी प्लीहाने उचलून टाकलेल्या असतात, स्लाइडवर ठिपके मोजकेच आणि जनावर पांढरंफटक, हे बघून अननुभवी माणूस दुसरंच कारण शोधत बसतो.

म्हणून स्लाइडबरोबर चिठ्ठी पाठवा, त्यात जनावराचं वय, व्याली कधी, ताप किती आणि कधीपासून, लघवीचा रंग, गाठी, गोचीड होते का, आणि कुठलं औषध कधी टोचलं हे सगळं. नुसती स्लाइड आली तर आम्ही अर्ध्या डोळ्यांनी बघतो.

उपचार झाल्यावर तिसऱ्या चौथ्या दिवशी आणि मग आठवड्याने परत स्मिअर आणि पीसीव्ही बघा. थायलेरियात औषधानंतर तांबड्या पेशींतले काही ठिपके बरेच दिवस राहतात, त्याने घाबरून लगेच दुसरा डोस मागू नका. ताप उतरलाय का, गाठ मऊ नि लहान होतेय का, पीसीव्ही वर चढतोय का, आणि स्लाइडवर त्या निळसर नव्या पेशी दिसायला लागल्यात का, हे बघा. तिसऱ्या दिवशीही ताप तसाच असेल तर पहिली स्लाइड डबीतून काढा आणि नव्याने पहिल्यापासून बघा, एकाच गायीत थायलेरिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा दोन्ही असणं अजिबात दुर्मिळ नाही, आणि पहिला सापडला की दुसऱ्याचा शोध बहुतेक वेळा तिथेच थांबलेला असतो.